‘मूळव्याधच असेल’ म्हणण्याआधी : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या खुणा कशा ओळखायच्या

आमच्या मामांनी आठ महिने सुरण खाल्लं. सुरणाची भाजी, सुरणाचे काप, उपासाला सुरणाचा कीस. शौचाला रक्त पडतंय म्हणजे मूळव्याध आणि मूळव्याधीवर सुरण, हे घरात सगळ्यांना पाठ. जोडीला दुपारी ताक, रात्री इसबगोल आणि बसस्टँडसमोर ‘विना ऑपरेशन मूळव्याध मुक्ती’ अशी पाटी लावलेल्या एका दवाखान्यातली मलमाची ट्यूब.

त्या आठ महिन्यांत तिघांनी त्यांना औषधं दिली. तपासलं एकानंही नाही. चौथ्या डॉक्टरांनी हातमोजा चढवला, मामांना डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं आणि मिनिटभरात त्यांचा चेहरा बदलला. गाठ बोटाच्या टोकाला लागत होती.

मी डॉक्टर नाही. त्यानंतरच्या दीड वर्षात रुग्णालयाच्या बाकांवर बसून, रिपोर्ट वाचून आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजलं, ते इथे क्रमानं मांडतोय. लेख वाचून कुणी स्वतःचं निदान करू नये. पण कधी जायचं, कुणाकडे जायचं आणि तिथे काय सांगायचं, एवढं तरी आपलं आपल्याला ठरवता यायला हवं.

हा आजार दुर्मीळ नाही. २०२२ साली जगभरात मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ९ लाख माणसं दगावली. भारतात त्याचं प्रमाण अमेरिका-युरोपापेक्षा बरंच कमी आहे. पण आपल्याकडचे रुग्ण तुलनेनं तरुण असतात, त्यांच्यात गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा असतो आणि बरेचसे उशिरा पोचतात. गुदाशय म्हणजे आतड्याचा शेवटचा वीतभरही नसलेला भाग. म्हणजे जो भाग तपासायला सगळ्यात सोपा, तिथलाच आजार आपण उशिरा पकडतो.

पायरी पहिली : पोटातला नकाशा

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पोटाच्या उजव्या तळाशी ते सुरू होतं, वर यकृताकडे चढतं, आडवं होऊन डावीकडे जातं, तिथून खाली उतरतं, थोडं वळसे घेतं आणि गुदाशयात संपतं. हा नकाशा लक्षात ठेवायचा, कारण गाठ कुठे आहे यावर लक्षणं बदलतात.

उजवीकडे आतडं रुंद असतं आणि आतला मळ पातळ असतो. त्यामुळे तिथली गाठ बरीच वाढली तरी वाट अडत नाही. ती थेंब थेंब रक्त गाळत राहते. ते मळात इतकं मिसळून जातं की डोळ्यांना दिसतच नाही. माणूस फक्त थकत जातो. डावीकडे आतडं अरुंद आणि मळ घट्ट, त्यामुळे तिथे शौचाचं वेळापत्रक बिघडतं, पोट फुगतं, कळा येतात. गुदाशयात गाठ असेल तर ताजं रक्त, चिकट आव आणि ‘जाऊन आलो तरी झालंच नाही’ ही भावना.

बहुतेक वेळा सुरुवात होते ती पॉलिपपासून. आतड्याच्या आतल्या अस्तरावर चामखिळीसारखी वाढ होते, ती पॉलिप. सगळेच पॉलिप कर्करोगाकडे जात नाहीत, पण जे जातात त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. या काळात त्याचा त्रास सहसा काहीच होत नाही. मात्र दुर्बिणीतून तो दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकता येतो, आणि मग त्या जागी होऊ शकणारा कर्करोग होतच नाही. इतकी सवड देणारे कर्करोग फार नाहीत.

पायरी दुसरी : बघायला शिका

परदेशी माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं : टॉयलेट पेपरवर रक्त दिसलं तर दुर्लक्ष करू नका. वाचायला ठीक आहे, पण आपण पाणी वापरतो. थोडंसं रक्त पाण्याबरोबर निघून जातं आणि कळतही नाही. कमोडवर बसणाऱ्यांचं तर सगळं थेट पाण्यात पडतं, उठायच्या आत फ्लश. भारतीय पद्धतीच्या भांड्यात निदान दिसतं तरी, पण तिथेही आधी पाणी ओतायची सवय असतेच.

म्हणून आठवड्यातून एक-दोनदा, पाणी टाकण्याआधी, दोन सेकंद खाली बघा. शंका असेल तेव्हा धुण्याआधी पांढरा कागदी रुमाल एकदा टिपून पाहा. किळस वाटते, मान्य आहे. लहान बाळाच्या लंगोटातला रंग पाहून दिवसभराचा अंदाज बांधणारी माणसं आपणच असतो. स्वतःच्या बाबतीतच आपल्याला लाज वाटते.

एक सूचना कमोडवाल्यांसाठी : दोन थेंब रक्तानंही भांड्यातलं पाणी लालभडक दिसतं. घाबरून जाऊ नका, पण झालं ते विसरूही नका. तारीख लिहून ठेवा.

पायरी तिसरी : रक्ताचा रंग आणि ते कुठे आहे

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं, मळाच्या वरून किंवा शौच झाल्यावर थेंब थेंब वा पिचकारीसारखं पडतं आणि बहुतेक वेळा दुखत नाही. फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराला चीर पडली असेल तर, काचेनं कापल्यासारखं दुखतं, नंतर तासभर आग होते आणि रक्ताची एखादी रेघ दिसते. मळात कालवल्यासारखं मिसळलेलं रक्त, गडद किंवा मरून रंगाचं रक्त, रक्ताबरोबर शेंबडासारखा चिकट पदार्थ, या खुणा आणखी वरच्या भागाकडे बोट दाखवतात. डांबरासारखा काळा, चिकट, उग्र वासाचा मळ बहुधा जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्तस्राव झाल्याची खूण असते. कधी उजव्या मोठ्या आतड्यातूनही तसं होतं. काळा मळ दिसला तर वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा.

आता खोटी घंटा. बीट खाल्लं की दुसऱ्या दिवशी लाल दिसतं. लाल गराचं ड्रॅगनफ्रूट खाल्लं तरी तेच. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळपट-हिरवट होतो, पण तो डांबरासारखा चिकट आणि घाण वासाचा नसतो. दोन-तीन दिवस ते पदार्थ बंद करून पाहिलं की उलगडा होतो. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

वरचे रंगांचे नियम ढोबळ आहेत. गुदाशयातली गाठही लालभडक, न दुखणारं रक्त देऊ शकते, अगदी मूळव्याधीसारखंच. मामांचं तसंच होतं. आणि मूळव्याध असणं म्हणजे कर्करोग नसणं नव्हे. मूळव्याध इतकी सर्रास आढळते की एकाच माणसात दोन्ही सापडणं अजिबात नवलाचं नाही. मूळव्याधीतून कर्करोग होत नाही, हेही खरं. भीती मूळव्याधीची नाही. ‘मूळव्याध’ हा शब्द एकदा उच्चारला की पुढे कुणी बघतच नाही, भीती त्याची आहे.

म्हणून घरात एक नियम करून टाका : शौचातून रक्त गेलं, तर कुणीतरी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही. शेजारच्या काकूंनी नाही, मेडिकलवाल्यानं नाही, आपणही नाही.

पायरी चौथी : सवय बदलली का?

दिवसातून तीनदा जाणारा माणूस निरोगी असू शकतो आणि दोन दिवसांतून एकदा जाणाराही. नेहमीपेक्षा वेगळं काय झालं, एवढाच प्रश्न विचारायचा. लग्नसराईचं जेवण, प्रवास, चातुर्मासातले उपास, नवीन औषध, परीक्षेचा ताण, यांनी पोट बिघडतं आणि आठ-दहा दिवसांत रुळावर येतं. तीन आठवड्यांनंतरही रुळावर आलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनंही लोकांना हीच तीन आठवड्यांची मर्यादा सांगितलेली आहे.

बदल कसले? सकाळी एकदा जाणाऱ्याला चार-पाच वेळा जावं लागणं. कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ, असं आलटून पालटून. घाईघाईनं जावं आणि नुसता वारा किंवा चिकट आव पडावी. शौच होऊनही आत काहीतरी अडकलंय असं वाटून पुन्हा कुंथत बसणं. गुदाशयातल्या गाठीची ही फार बोलकी खूण आहे, कारण शरीर त्या गाठीलाच मळ समजून बाहेर ढकलायला बघतं. रात्री झोपेतून उठून जावं लागणं हेही लक्षात ठेवा. ताणामुळे बिघडणारं पोट सहसा झोपेत त्रास देत नाही.

मळ पेन्सिलीसारखा बारीक होणं, या खुणेचा इंटरनेटवर फार गवगवा आहे. एखाद्या दिवशी तसं झालं तर त्याला काही अर्थ नाही. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं आणि सोबत वरचं आणखी काही असेल, तरच त्याला वजन द्यायचं.

आपल्याकडे आणखी एक सापळा आहे. ‘आव पडतेय’ म्हटलं की आमांश, आणि आमांश म्हटलं की तीच ती पाच दिवसांची गोळी. आराम पडतो, महिन्यानं पुन्हा आव, पुन्हा तीच गोळी. आमांश आपल्याकडे असतोच, त्यामुळे पहिल्या वेळी गोळी देण्यात चूक नाही. पण तोच त्रास उलटून आला तर दुसऱ्या चिठ्ठीच्या आधी शौचाची तपासणी आणि आतली तपासणी व्हायला हवी.

पायरी पाचवी : न दिसणारं रक्त

उजव्या बाजूची गाठ बऱ्याचदा पोटाच्या तक्रारीतून नव्हे, हिमोग्लोबिनच्या रिपोर्टातून सापडते. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, चेहरा फिका दिसतो, दुपारी पडून राहावंसं वाटतं. ‘वय झालं’ असं म्हणून सोडून दिलं जातं.

पुरुषांमध्ये १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. तो कशामुळे आहे हे त्याच रिपोर्टात थोडंफार कळतं. रक्तपेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, कमी असेल आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी वेगळी रक्ततपासणी) कमी असेल तर लोहाची कमतरता. एमसीव्ही वाढलेला असेल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता. शाकाहारी घरांत हे खूप आढळतं आणि त्याचा या विषयाशी संबंध नाही.

पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल, तर रक्त कुठून तरी गळतंय असं धरून शोध घ्यावा लागतो. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना आकडेकृमी होऊ शकतात, वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या जठराला व्रण असू शकतो, आणि आतड्यात गाठही असू शकते. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन आकडा वर आणणं म्हणजे गच्चीवरची टाकी भरून ठेवणं आणि पाइप गळतोय तो तसाच. आकडा वाढलेला पाहून सगळेच निश्चिंत होतात, हा त्यातला जास्त वाईट भाग.

पाळी सुरू असलेल्या बायकांचं तर आणखी अवघड. त्यांचं कमी हिमोग्लोबिन इतकं सवयीचं झालंय की कुणी वळूनही बघत नाही. पाळीत फार रक्त जात नसेल, गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नसेल किंवा सोबत पोटाची तक्रार असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा : हे रक्त जातंय कुठे?

पायरी सहावी : बाकीच्या खुणा, आणि न थांबण्याची वेळ

पोटात त्याच जागी वारंवार दुखणं, जेवल्यावर फुगणं, गुरगुरणं, उजव्या ओटीपोटात हाताला लागणारी गाठ. प्रयत्न न करता घटलेलं वजन : सहा महिने-वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त, म्हणजे ६५ किलोच्या माणसाचं सव्वातीन किलोच्या पुढे. घरात वजनकाटा नसेल तर पट्ट्याचं भोक आणि सैल झालेला ब्लाऊज सांगतोच. भूक मरणं ही बरीच पुढची गोष्ट. तिची वाट पाहू नका.

पोट टम्म फुगलंय, कळा येतायत, उलट्या होतायत आणि वारासुद्धा सरत नाही, अशी वेळ आली तर एरंडेल, एनिमा, चूर्ण काहीही देऊ नका. आतड्याची वाट बंद झाल्याची ही लक्षणं आहेत. रात्रीचे दोन वाजले असले तरी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. भरपूर रक्त जाऊन चक्कर येत असेल तरीही तसंच.

पायरी सातवी : तुमचा धोका किती?

वय वाढतं तसा धोका वाढतो, पण ‘चाळिशीच्या आत होत नाही’ हे खोटं आहे. हॉलिवूडचा अभिनेता चॅडविक बोसमन २०२० साली या आजारानं गेला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. अमेरिकेत २०२३ साली पन्नाशीच्या आतल्या पाच हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षं आधी चार तक्रारी वेगळ्या उठून दिसल्या : पोटदुखी, शौचातून रक्त, सततचे जुलाब आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय. यांतली एक तक्रार असेल तर धोका जवळपास दुप्पट, दोन असतील तर तिपटीहून जास्त. तिशीतल्या माणसाला रक्त आणि पोटदुखी दोन्ही असतील, तर ‘अजून तरुण आहेस, बाहेरचं खाणं कमी कर’ एवढ्या उत्तरावर घरी परतू नये.

मग घराण्याचा इतिहास. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल तर तुमचा धोका वाढलेला. एकाच बाजूच्या अनेकांना, तेही लहान वयात, आतड्याचा किंवा बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला असेल तर लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषाची चौकशी करावी लागते. आपल्या घरांत अडचण अशी की ‘आजोबा पोटाच्या दुखण्यानं गेले’ यापलीकडे कुणी सांगत नाही. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा एखाद्या जाणत्या आत्याला विचारून घ्या. नेमकं काय झालं होतं, आणि कितव्या वर्षी?

अल्सरेटिव्ह कोलायटिससारखी आतड्याची जुनी सूज, टाइप टू मधुमेह, सुटलेलं पोट, तंबाखू, दारू, बैठं काम हे सगळं धोका वाढवतं. सॉसेज-सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. यावरून ‘आम्ही माळकरी, आम्हाला नाही होणार’ असा निष्कर्ष काढू नका. मामांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही.

पायरी आठवी : डॉक्टरांसमोर काय बोलायचं

‘पोट साफ होत नाही’ हे वाक्य घेऊन जाऊ नका. महाराष्ट्रात निम्मी माणसं हेच वाक्य घेऊन दवाखान्यात जातात आणि चूर्ण घेऊन परततात. त्याऐवजी दोन आठवडे वहीत रोज एक ओळ लिहा : किती वेळा, कसं, रक्त होतं का, कसल्या रंगाचं, आव, दुखणं कुठे. महिन्याचं वजन. चालू असलेली औषधं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. रक्त जास्त असेल किंवा खुणा दोन-तीन असतील तर वही पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

मग असं सांगा : “डॉक्टर, पाच आठवड्यांपासून मला दिवसातून चार वेळा जावं लागतंय, आधी एकदाच जायचो. आठवड्यातून दोनदा मळात मिसळलेलं रक्त दिसतं. तीन किलो वजन उतरलंय. वडिलांच्या भावाला आतड्याचा कर्करोग होता.” चार वाक्यं. चूर्णाची चिठ्ठी लिहायला घेतलेला हातही याच्यानंतर थांबतो.

आणि शेवटी एक प्रश्न : “आतून तपासाल का?” बोटानं केलेली ही तपासणी एक-दोन मिनिटांची असते, अवघडल्यासारखं होतं, पण सहसा फारसं दुखत नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी तिच्यात सापडतात. बायकांनी हवं तर बाई डॉक्टर मागाव्यात, किंवा तपासताना नर्स सोबत असावी असं सांगावं. त्यात गैर काही नाही. तिथे तशी सोय नसेल तर सर्जनकडे किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. फोनवर फोटो पाहून मूळव्याधीचं औषध देणाऱ्यांपासून लांब राहा.

पायरी नववी : कोणती तपासणी काय सांगते

इथे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात, म्हणून स्पष्ट लिहितो.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आतडं नॉर्मल ठरत नाही. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड चांगले दिसतात. आतडं पोकळ, त्यात हवा, त्यामुळे आतली छोटी गाठ तिला दिसत नाही. ‘एंडोस्कोपी झालीय’ असंही लोक सांगतात, पण विचारलं तर ती तोंडातून घातलेली असते. ती जठरापर्यंत आणि फार तर लहान आतड्याच्या तोंडापर्यंत बघते. मोठं आतडं बघायला कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून घातलेली दुर्बीणच, लागते. सीईए ही रक्ततपासणी निदान झाल्यावर उपचारांवर लक्ष ठेवायला उपयोगी आहे. ती नॉर्मल असूनही कर्करोग असू शकतो आणि सिगारेट ओढणाऱ्यात कर्करोग नसताना वाढलेली दिसू शकते. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ती घातलेली असते, तिच्यावर विसंबू नका.

शौचातलं लपलेलं रक्त शोधायची तपासणी स्वस्त आणि चांगली आहे. तिचा नवा प्रकार, फिट, फक्त माणसाचंच रक्त ओळखतो, त्यामुळे त्याच्याआधी खाण्याची पथ्यं लागत नाहीत. पण ज्याला डोळ्यांनी रक्त दिसतंय त्यानं ‘रक्त आहे का’ हे विचारायला लॅबमध्ये जाण्यात फारसा अर्थ नाही. आणि लक्षणं चालूच असतील तर एक निगेटिव्ह रिपोर्ट पुरेसा नाही.

कोलोनोस्कोपीत गाठ दिसली की तिचा तुकडा बायॉप्सीला जातो. तो रिपोर्ट येईपर्यंत कुणीही कर्करोग हा शब्द पक्का धरू नये, कारण आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग उजव्या बाजूला हुबेहूब गाठीसारखा दिसतो, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. उलट टीबी समजून गोळ्या सुरू केल्या आणि तुकडा तपासलाच नाही, असंही व्हायला नको. बायॉप्सीत कर्करोग ठरला की सीटी स्कॅन, गुदाशयाचा असेल तर एमआरआय, ते आजार कुठवर गेलाय हे बघण्यासाठी.

पायरी दहावी : कोलोनोस्कोपीची तयारी

तपासणीपेक्षा आदली रात्र जड जाते, हे ज्यानं केलंय तो प्रत्येकजण सांगेल.

दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, भाकरी, कडधान्यं, पेरू, टोमॅटोच्या बिया, तीळ, खोबरं बंद. मऊ पांढरा भात, पातळ वरणाचं वरचं पाणी, गाळलेलं ताक, बिस्कीट, उकडलेला बटाटा. आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी फक्त पातळ पदार्थ सांगतात : शहाळं, गाळलेलं सरबत, कोरा चहा. लाल सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचं काय करायचं हे त्याच डॉक्टरांकडून लेखी घ्या, स्वतः ठरवू नका.

पोट साफ करायची पावडर साधारण दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची असते, आणि आता बहुतेक ठिकाणी ती अर्धी रात्री, अर्धी पहाटे देतात. चव खारट-तुरट. थंड करून, लिंबू पिळून, स्ट्रॉनं प्यायली तर बरी जाते. बाथरूम मोकळी ठेवा, एकच संडास असलेल्या घरात बाकीच्यांना आधीच सांगून ठेवा. बाहेर पडणारं पाणी लघवीसारखं पिवळसर स्वच्छ झालं म्हणजे तयारी झाली. अर्धवट तयारीनं गेलात तर छोटे पॉलिप मळाआड लपतात आणि सगळा खटाटोप पुन्हा.

तपासणी साधारण अर्ध्या तासाची, बहुधा झोपेचं इंजेक्शन देऊन. सोबत कुणीतरी हवंच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सह्या करायच्या नाहीत. आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो, पण तो हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. नंतर पोटात हवा धरते, ती सरते. पोट दुखणं वाढत गेलं, ताप आला किंवा रक्त जात राहिलं तर त्याच रुग्णालयाला फोन करा.

खर्चाचं : निदान झाल्यावर पैशांअभावी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी जा. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. तिथे गर्दी असते, पण प्रत्येक उपचार तिथेच घ्यावा लागतो असं नाही, सल्ला तिथला आणि उपचार गावाजवळ असंही जमतं.

काहीच त्रास नसेल तर?

अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून सगळ्यांना तपासणी सुचवतात. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी फिटचं किट टपालानं घरी येतं. लंडन-लेस्टरला राहणाऱ्या नातेवाइकांना सांगा, ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकू नका म्हणावं. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, आतड्याची नाही. त्यामुळे इथे ज्यानं त्यानं आपलं बघायचं. पन्नाशी आली असेल तर डॉक्टरांशी बोलून निदान फिट करून घ्यायला काही हरकत नाही.

लवकर सापडण्यानं काय फरक पडतो, याचा अंदाज अमेरिकेच्या आकड्यांवरून येतो : आजार आतड्यापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरातले सुमारे ९० जण हयात असतात, यकृत-फुप्फुसापर्यंत पोचल्यावर सापडला तर सुमारे १५. मामांचा मधल्या टप्प्यात सापडला. रेडिएशन, किमो, मोठी शस्त्रक्रिया, मळासाठी पोटावर कायमची पिशवी. आता रोज सकाळी तीन किलोमीटर चालतात आणि पिशवीबद्दल कुणी हळू आवाजात विचारलं तर मोठ्यानं उत्तर देतात.

ज्यांच्या आई, वडील किंवा भावंडाला हा आजार झालाय, त्यांच्यासाठी नियम असा : चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी. समजा, नातेवाइकाला ५४ व्या वर्षी कळलं. ५४ मधून दहा गेले ४४, पण त्याआधी चाळिशी येते, म्हणून चाळीस. माझा मामेभाऊ ४१ चा. कुरकुरत गेला, रात्रभर त्या पावडरीला शिव्या घातल्या, आणि सकाळी आतड्याच्या डाव्या भागात दोन छोटे पॉलिप निघाले. तिथेच काढले. डॉक्टरांनी पुढची तपासणी पाच वर्षांनी सांगितली आहे. तेव्हाचं कॅलेंडर अजून छापलेलं नाही, म्हणून त्यानं ती तारीख स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून, मामी गॅसचं सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहिते त्यांच्या खाली, पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे.